विश्लेषण : लिनक्स आले, पण ओटीटी अडले... ब्राउझरमधील ‘वाइडवाइन’ काय आहे? ते कसे आणि कुठून बसवायचे?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्ययावने थांबवली. नोंदणी करणाऱ्यांना आणखी एका वर्षाची मुदत आहे, पण ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप बाद. यंत्र चालते, कळफलक शाबूत आहे, पडदा स्वच्छ आहे, पण कंपनीच्या लेखी ते म्हातारे झाले.

पेण-रोह्यासारख्या तालुक्याच्या गावांत असे लॅपटॉप फेकले जात नाहीत. पेणजवळच्या हमरापूर, जोहे या गावांत गणेशमूर्तींच्या कारखानदाराचा पैसा सणापर्यंत मातीत आणि रंगात अडकलेला असतो. मूर्तींचे फोटो पाठवायला आणि ऑर्डरी लिहायला आहे तोच लॅपटॉप पुरतो. रोह्यात धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्याच्या घरी तोच लॅपटॉप दिवसा मुलांच्या अभ्यासाचा आणि रात्री क्रिकेटचा असतो. अशा यंत्रावर फुकट मिळणारी लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून घेणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. लॅपटॉप पुन्हा चपळ होतो, यूट्यूब दिसते, बँकेचे संकेतस्थळ उघडते. मग रात्री एखाद्या पैसे भरलेल्या ओटीटीवर मालिका लावावी, तर पडदा काळा आणि त्यावर इंग्रजीत एक कोरडा संदेश. ‘लिनक्सवर काही चालत नाही’ हा समज इथेच जन्माला येतो. खरे तर अडलेला असतो तो काही एमबींचा एक बंदिस्त तुकडा, आणि तो अधिकृतपणे, फुकटात बसवता येतो.

नेमके काय अडले आहे, हे कसे ओळखायचे?

‘व्हिडीओ चालत नाही’ या एका तक्रारीमागे तीन वेगळे आजार असू शकतात आणि तिन्हींवरचे औषध वेगळे आहे.

यूट्यूब, दूरदर्शन सह्याद्रीच्या यूट्यूब वाहिनीवरील कार्यक्रम, बातम्या हे सगळे व्यवस्थित दिसते. फक्त पैसे भरून बघायच्या मालिका-चित्रपट अडतात. हा डीआरएमचा, म्हणजे हक्करक्षणाच्या कुलपाचा प्रश्न आहे. सर्वाधिक लोक इथेच अडतात.

दुसरा प्रकार : व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेली फीत, शाळेने पाठवलेला एमपीफोर व्हिडीओ किंवा एखाद्या संकेतस्थळावरील साधी चित्रफीत उघडत नाही, नाहीतर आवाज येतो आणि चित्र येत नाही. हा कोडेकचा प्रश्न. कोडेक म्हणजे चित्र-आवाज आवळून लहान करण्याची आणि पुन्हा उलगडण्याची रीत.

तिसरा प्रकार म्हणजे ‘फ्लॅश प्लेअर बसवा’ असे सांगणारे पान. ते पान बंद करावे. त्यावर इलाज नाही आणि तो शोधूही नये. का, ते पुढे येईलच.

आणखी एक कारण आहे, ते या तिन्हींत बसत नाही. दहा-बारा वर्षे जुन्या लॅपटॉपमधला नाण्याएवढा सेल संपला की यंत्र बंद होताच तारीख-वेळ मागे जाते. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडतच नाहीत, व्हिडीओ तर दूरच. प्लग-इन शोधत बसण्यापूर्वी कोपऱ्यातले घड्याळ एकदा बघून घ्यावे.

एकाच खिडकीत दोन मालक?

रोहा स्थानकाची एक गंमत आहे. दिवा-पनवेलकडून पेण, कासू, नागोठणे, निडी करत येणारा लोहमार्ग रोह्यापर्यंत मध्य रेल्वेचा. तिथून पुढे ठोकूरपर्यंत तो कोकण रेल्वे महामंडळाचा. गाडी तीच, डबा तोच, प्रवाशाला हद्द ओलांडल्याचे कळतही नाही. पण रुळांचा मालक बदललेला असतो.

ब्राउझरमध्ये ओटीटी लावल्यावर असेच घडते. फायरफॉक्स मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याची संपूर्ण संहिता कुणालाही वाचता येते. पण ओटीटीवरून येणारा व्हिडीओ कुलूपबंद असतो. ते कुलूप उघडणारा भाग फायरफॉक्सचा नाही, गुगलचा आहे. त्याचे नाव वाइडवाइन. सिएटलच्या वाइडवाइन कंपनीला गुगलने डिसेंबर २०१० मध्ये विकत घेतले आणि आज क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड फोन आणि असंख्य स्मार्ट टीव्हींमध्ये तेच वापरले जाते. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही बहुधा ते आहे. फोन बनवणाऱ्याने ते आधीच घालून दिलेले असल्याने तुम्हाला कधी दिसले नाही, इतकेच.

काम कसे चालते? तुम्ही ‘प्ले’ दाबता. ओटीटीचे संकेतस्थळ ब्राउझरला सांगते की हा व्हिडीओ कुलूपबंद आहे. ब्राउझर वाइडवाइनला हाक मारतो. वाइडवाइन त्या यंत्रासाठी परवान्याची विनंती तयार करते, ती ओटीटीच्या सर्व्हरकडे जाते, सर्व्हर किल्ली पाठवतो. ती किल्ली वाइडवाइनच्या पोटातच राहते. ब्राउझरलासुद्धा ती बघता येत नाही. व्हिडीओ आत उलगडतो आणि चित्र बाहेर येते. वाइडवाइन नसेल तर हाक मारायला कुणी नाही, म्हणून काळा पडदा.

संकेतस्थळ आणि हा बंदिस्त भाग यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचे, याचे प्रमाण ‘ईएमई’ या नावाने ओळखले जाते. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने सप्टेंबर २०१७ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यावर इतका वाद झाला, की डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकेतील ईएफएफ या संस्थेने त्याच दिवशी डब्ल्यूथ्रीसीचा राजीनामा दिला. खुल्या वेबच्या मधोमध कुणालाही उघडून न बघता येणारी पेटी बसवायची का, हा तो वाद. तो अजून मिटलेला नाही, पण पेटी मात्र बसली.

लिनक्समध्ये हे आधीपासून का नसते?

आळस किंवा तांत्रिक दुबळेपणा हे कारण नाही. कारण परवान्याचे आहे.

लिनक्सची वितरणे ज्याला हवी त्याने उतरवावीत, कॉपी करावीत, शेजाऱ्याला द्यावीत, बदलावीत अशी असतात. वाइडवाइनला हे लागू नाही. ते फुकट मिळते, पण ते कुणी कुणाला वाटायचे हे गुगल ठरवते. म्हणून क्रोममध्ये वाइडवाइन असते आणि क्रोम ज्याच्यावरून बनते त्या मुक्तस्रोत क्रोमियममध्ये नसते. पेणकरांना हे समजावून सांगायला नको. हमरापुरातून कच्च्या मूर्ती बाहेरगावी जातात, तिथला व्यापारी रंगकाम आणि आखणी करून आपल्या नावाने विकतो. क्रोमियम ही कच्ची मूर्ती, क्रोम ही गुगलने रंगवून डोळे आखलेली. ‘क्रोम आणि क्रोमियम एकच’ असे कुणी सांगितले आणि क्रोमियमवर ओटीटी चालले नाही, तर गोंधळ इथला आहे.

फायरफॉक्सने वेगळी वाट काढली. डीआरएमला पाठिंबा देत असल्याचे मोझिलाने मे २०१४ मध्ये जाहीर केले, तेही नाराजी लपवून न ठेवता. लिनक्सवरील फायरफॉक्समध्ये वाइडवाइन आले ते २०१६ मध्ये, ४९ व्या आवृत्तीत. विंडोजवर हा भाग आपसूक सुरू असतो. लिनक्सवर तो मुद्दाम बंद ठेवलेला असतो. त्यामागचा विचार असा, की जो माणूस मुक्तस्रोत प्रणाली निवडतो त्याने बंदिस्त भागाला होकार दिलेला नसतो. तेव्हा आधी विचारावे, होकार मिळाला तरच उतरवावे. या लेखकाला हा विचार पटतो. अडचण एवढीच, की प्रश्न इंग्रजीत आणि एका अरुंद पट्टीत विचारला जातो, आणि घाईत माणूस ती पट्टी बंद करून टाकतो.

कोडेकची गोष्ट थोडी निराळी. एचडॉट२६४ या सर्वांत रुळलेल्या व्हिडीओ पद्धतीवर अनेक कंपन्यांचे पेटंट आहेत आणि त्यांच्या समूहाला परवाना शुल्क द्यावे लागते. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ (के) नुसार निव्वळ संगणक प्रणाली किंवा गणिती रीत पेटंटयोग्य ठरत नाही. पण लिनक्सचे वितरण एकट्या भारतासाठी बनत नाही. अमेरिकेत खटला होऊ शकत असेल, तर वितरक तो भाग मूळ संचात घालत नाही. सिस्को कंपनीने ऑक्टोबर २०१३ मध्ये यावर एक चतुर तोडगा जाहीर केला. ओपनएचटूसिक्सफोर नावाचा कोडेक आपण फुकट देऊ, शुल्क आपण भरू. अट एकच : तो आमच्याच सर्व्हरवरून थेट वापरणाऱ्याच्या यंत्रावर उतरला पाहिजे. म्हणून आजही फायरफॉक्सच्या प्लग-इनच्या यादीत वाइडवाइनच्या शेजारी सिस्कोचे नाव दिसते. ते मुख्यतः व्हिडीओ कॉलसाठी आहे. साधे एमपीफोर उलगडण्यासाठी फायरफॉक्स लिनक्समधल्या कोडेकवरच विसंबतो. यूट्यूबला यांतले काहीच लागत नाही, कारण ते व्हीपीनाइन आणि एव्हीवन या खुल्या पद्धतींतही व्हिडीओ देते.

फ्लॅशच्या काळात काय व्हायचे?

लिनक्स वापरणाऱ्या मराठी माणसाला हे दुखणे नवे नाही. पंचवीस वर्षांपूर्वी त्याला व्हिडीओच काय, मराठी वर्तमानपत्रही धड वाचता येत नसे. युनिकोड रुळण्यापूर्वी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या मालकीच्या फाँटमध्ये असत. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये तो फाँट आपोआप उतरे आणि अक्षरे दिसत. लिनक्सवर त्याच जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसे. ‘पद्मा’ नावाचे एक फायरफॉक्स एक्स्टेन्शन अशा भारतीय फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवत असे. ज्यांनी ते वापरले त्यांना त्याचे मोल माहीत आहे. सरकारी संकेतस्थळांवर ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहावे’ ही ओळ तर तळाशी कायमची ठरलेली. तो एक्सप्लोररही जून २०२२ मध्ये निवृत्त झाला.

व्हिडीओचा कारभार फ्लॅशकडे होता. १९९६ मध्ये आलेले फ्लॅश आधी मॅक्रोमीडियाचे, २००५ नंतर अ‍ॅडोबीचे. लिनक्सवर ते बसवण्याची रीत मजेशीर होती. उबुंटूच्या भांडारात ‘फ्लॅशप्लगइन-इन्स्टॉलर’ नावाचे पॅकेज असे, पण त्याच्या आत फ्लॅश नसेच. ते पॅकेज अ‍ॅडोबीने ठेवलेली मूळ फाइल उतरवून घेई आणि योग्य जागी ठेवी, कारण वाटपाचा हक्क उबुंटूकडे नव्हता. दुकानदाराने माल न ठेवता फक्त कारखान्याचा पत्ता आणि हमाल द्यावा, तसा प्रकार. आजच्या वाइडवाइनची तऱ्हा त्याहून फार वेगळी नाही.

मग २०१२ मध्ये अ‍ॅडोबीने जाहीर केले, की लिनक्सच्या ब्राउझरसाठी ११.२ ही शेवटची आवृत्ती. पुढे फक्त सुरक्षेची डागडुजी मिळेल, नवे हवे असेल तर क्रोम वापरा. लिनक्सवरील फायरफॉक्सवाले चार वर्षे शिळ्या फ्लॅशवर राहिले. २०१६ मध्ये कंपनीला उपरती होऊन नव्या आवृत्त्या पुन्हा सुरू झाल्या, आणि लगेच पुढच्या वर्षी, जुलै २०१७ मध्ये, फ्लॅशच बंद करण्याची घोषणा झाली. ३१ डिसेंबर २०२० हा त्याचा शेवटचा दिवस. १२ जानेवारी २०२१ पासून तर उरल्यासुरल्या फ्लॅश प्लेअरनेच व्हिडीओ दाखवणे नाकारले. तशी सोय अ‍ॅडोबीने आतच करून ठेवली होती.

मायक्रोसॉफ्टचे सिल्व्हरलाइट हे दुसरे उदाहरण. त्याची लिनक्ससाठीची मुक्तस्रोत आवृत्ती ‘मूनलाइट’ नॉव्हेल कंपनीच्या आश्रयाने तयार झाली, पण कुलूपबंद व्हिडीओचे कुलूप तिला मिळाले नाही आणि ती मागे पडली. सिल्व्हरलाइटचा आधार ऑक्टोबर २०२१ मध्ये संपला. बंदिस्त प्लग-इनचा मालक त्याच्या सोयीने येतो आणि त्याच्या सोयीने जातो. वाइडवाइन बसवताना हे लक्षात असलेले बरे.

आता बसवायचे कसे?

फायरफॉक्सपासून सुरुवात करावी, कारण उबुंटू आणि मिंटमध्ये तो आधीच असतो. ओटीटीचे पान उघडून व्हिडीओ लावला, की पानाच्या वर एक पट्टी येते : या पानावरील काही ध्वनी वा चित्र चालवण्यासाठी डीआरएम सुरू करावे लागेल. तिच्या उजवीकडे ‘एनेबल डीआरएम’ असे बटण असते. ते दाबायचे. बस्स. फायरफॉक्स पार्श्वभूमीला वाइडवाइन उतरवतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही याला फार वेळ लागत नाही. मिनिटभर थांबून पान पुन्हा लोड करावे. लगेच चालले नाही तर ब्राउझर बंद करून उघडावा.

पट्टी आली नाही किंवा पूर्वी बंद करून टाकली असेल, तर उजव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांवरून ‘सेटिंग्ज’मध्ये जायचे. ‘जनरल’ या पहिल्याच पानावर खाली सरकत गेले, की ‘डिजिटल राइट्स मॅनेजमेंट’ असा मथळा लागतो. त्याखालच्या ‘प्ले डीआरएम-कंट्रोल्ड कंटेंट’ या चौकटीत खूण करायची. बसले की नाही याची खात्री ‘अ‍ॅड-ऑन्स अँड थीम्स’मधील ‘प्लगइन्स’ या यादीत होते. तिथे वाइडवाइनचे नाव दिसले पाहिजे. नको झाले तर तीच खूण काढून टाकावी, भाग निघून जातो.

काही ओटीटी फायरफॉक्सला दारातच अडवतात, फक्त क्रोमला ओळखतात. तेव्हा क्रोम. इथे विंडोजची एक सवय सोडावी लागते. शोधून आलेल्या पहिल्या दुव्यावरून नव्हे, तर गुगलच्या क्रोमच्या अधिकृत पानावरूनच ‘डेब’ प्रकारची फाइल घ्यायची. उबुंटू आणि मिंटला ‘डेब’, फेडोराला ‘आरपीएम’. ही फाइल शंभर एमबीहून मोठी असते, तेव्हा दिवसाचा डेटा संपत आलेला असेल तर सकाळपर्यंत थांबावे. उतरलेल्या फाइलवर दोनदा क्लिक केले की बसवण्याची खिडकी उघडते, पासवर्ड विचारते. क्रोमसोबतच गुगलचे भांडार यादीत जोडले जाते, म्हणून पुढची अद्ययावने मिंटच्या ‘अपडेट मॅनेजर’मधून इतरांबरोबर येतात. वाइडवाइन क्रोमच्या पोटातच असते, वेगळे काही करायला नको. ब्रेव्ह वापरणाऱ्यांना मात्र त्याच्या सेटिंग्जमधील ‘एक्स्टेन्शन्स’ भागात वाइडवाइनचे बटण सुरू करून ब्राउझर पुन्हा उघडावा लागतो.

कोडेकसाठी मिंटमध्ये सर्वांत सोपी सोय आहे. प्रणाली टाकतानाच ‘इन्स्टॉल मल्टिमीडिया कोडेक्स’ अशी चौकट येते. दुकानदाराकडून लिनक्स टाकून घेत असाल तर ‘ती चौकट टिक केली का?’ एवढे विचारावे. राहून गेले असेल तर मेन्यूतील ‘साउंड अँड व्हिडीओ’ विभागात त्याच नावाचे बटण सापडते. उबुंटूमध्ये ‘उबुंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज’ नावाचे पॅकेज घ्यावे लागते. टर्मिनलमधून बसवताना इथे एक हमखास अडथळा येतो. मध्येच मायक्रोसॉफ्टच्या फाँटच्या अटींचा जांभळा-करडा पडदा येतो आणि माउस चालेनासा होतो. यंत्र लटकले असे समजून अनेक जण इथेच बटण दाबून लॅपटॉप बंद करतात. ते करू नये. कळफलकावरची ‘टॅब’ दाबून ‘ओके’वर जायचे, ‘एंटर’ दाबायचे, पुढच्या पडद्यावर तसेच ‘येस’. फेडोरावाल्यांना ‘आरपीएम फ्यूजन’ हे वेगळे भांडार जोडावे लागते, म्हणून नवशिक्याने जुन्या लॅपटॉपसाठी मिंट निवडणे अधिक सोयीचे.

३२ बिट यंत्राचे काय?

फारसे काही नाही. गुगलने ३२ बिट लिनक्ससाठी क्रोम २०१६ मध्येच बंद केले. मिंटची मुख्य आवृत्ती २०२० पासून फक्त ६४ बिट आहे. मोझिलानेही २०२५ मध्ये ३२ बिट लिनक्सला निरोप दिला. इतके जुने यंत्र लिहिण्या-वाचण्यासाठी ठेवावे, ओटीटीच्या मागे लावू नये.

चालले, पण चित्र धूसर का?

वाइडवाइनच्या सुरक्षेच्या पायऱ्या आहेत. ‘एल वन’मध्ये किल्ली आणि चित्र दोन्ही यंत्राच्या सुरक्षित चिपमध्ये हाताळले जातात. ‘एल थ्री’मध्ये सगळे सॉफ्टवेअरवर चालते. लिनक्स डेस्कटॉपला सहसा ‘एल थ्री’च मिळते, आणि तिच्यावर भरवसा कमी असल्याने अनेक ओटीटी मुद्दाम कमी दर्जाचे चित्र पाठवतात. फोरके तर विसराच. पैसे तेवढेच भरून फोनवर जे स्वच्छ दिसते ते लॅपटॉपवर पुसट दिसते, यात तुमच्या जोडणीचा किंवा लिनक्सचा दोष नाही. दहा वर्षे जुन्या चौदा-पंधरा इंची पडद्यावर हा फरक तितकासा जाणवत नाही, हा त्यातला दिलासा. पण टीव्हीला जोडून बघायचे असेल, तर लॅपटॉपपेक्षा टीव्हीतलेच अ‍ॅप बरे.

ही पायरी चुकवण्याच्या युक्त्या इंटरनेटवर सापडतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ ए आले. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणाऱ्याला त्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. अधिकृत वाइडवाइन बसवणे म्हणजे कुलूप तोडणे नव्हे, मालकाने दिलेली किल्ली घेणे आहे.

खरा धोका कुठे?

बसवण्यात नाही, शोधण्यात आहे. व्हिडीओ अडला की माणूस गुगलवर ‘प्लेअर डाउनलोड’ असे काहीतरी टाकतो आणि आलेल्या कुठल्याही पानावर विश्वास ठेवतो. ‘तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झाला आहे’ अशी खोटी खिडकी दाखवून घातक सॉफ्टवेअर गळ्यात मारण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालला. फ्लॅश मेले तरी त्या नावाची भीती संपलेली नाही. फुकट क्रिकेट दाखवणाऱ्या पानांवर ‘आधी हा कोडेक घ्या’ अशी मागणी आली, तर ती हटकून फसवी समजावी. आज कोणत्याही खऱ्या ओटीटीला ब्राउझरबाहेरचा वेगळा प्लेअर लागत नाही.

लिनक्सला व्हायरस लागत नाही, हे वाक्य दुकानात सर्रास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी खुद्द लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि त्या दिवशी १७.३ सिनॅमन आवृत्तीऐवजी चोरदार ठेवलेली प्रत लोकांनी उतरवली. चूक लवकर पकडली गेली, पण धडा राहिला : पेन ड्राइव्हवर घेतलेल्या प्रतीचा ‘चेकसम’ अधिकृत आकड्याशी जुळवून पाहणे हे सोवळे नव्हे, गरज आहे. दुकानदाराकडची प्रत कधीची आणि कुठून उतरवलेली, हे विचारण्यात संकोच नको.

तसेच ‘सुडो’ने सुरू होणाऱ्या ओळी. कुठल्या तरी व्हिडीओखालच्या टिप्पणीतून ती ओळ उचलून टर्मिनलमध्ये चिकटवणे आणि पासवर्ड देणे, म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती घराची चावी ठेवून बाजारात जाणे. वर सांगितलेल्या एकाही कामासाठी अनोळखी ओळ चिकटवावी लागत नाही. फायरफॉक्सचे बटण, क्रोमचे अधिकृत पान आणि वितरणाचे स्वतःचे भांडार ही तीन दारे पुरतात. याउपर पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

लिनक्सकडे कुणी घाईने जाऊ नये?

ओटीटीचा प्रश्न दोन क्लिकमध्ये सुटतो, पण त्याच भरात कामाचा लॅपटॉपही बदलून टाकणारे पुढे अडचणीत येतात. हिशेब टॅलीत असतील तर ती विंडोजवरच चालते. ई-निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराने आपल्या डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनचा लिनक्स ड्रायव्हर ते बनवणारी कंपनी देते का, हे आधी पाहावे. लग्नपत्रिका, फलक छापणाऱ्यांच्या जुन्या फाइली श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये असतात. त्या लिनक्सवर उघडल्या तरी अक्षरे तुटतात. नव्याने मराठी टाइप करायला मात्र इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आयताच मिळतो.

अशांनी विंडोज न काढता आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. ‘लाइव्ह’ प्रकारात हार्ड डिस्कला हात लागत नाही. त्याच अवस्थेत वाय-फाय लागते का, आवाज येतो का, फायरफॉक्समध्ये डीआरएमची पट्टी येते का आणि आपले ओटीटी दिसते का, हे तासाभरात कळते. पेन ड्राइव्ह काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला, की विंडोज जिथल्या तिथे असते.